पाचवा रकाना : लागते का?

मी पंधरा दिवस माझ्या सुनेवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या बंदुका झाडत होतो. असं एका ओळीत लिहिलं की ते भयंकर दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतर मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं सांगायला लागेन, आणि माझी नेहमीची पद्धत म्हणजे स्वतःचा दोष सोडून बाकी सगळं तपशीलवार सांगायचं.

माझी सगळी नोकरी नगरजवळ भिंगारला, लष्कराच्या एका आस्थापनेत, नागरी कर्मचारी म्हणून झाली. काम माल तपासायचं. बूट, पट्टे, ताडपत्र्या, तंबूचे दोर. ठेकेदाराचा माल आला की त्यातले नमुने काढायचे, ओढून, वाकवून, पाण्यात बुडवून बघायचे आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा. नापास करण्यात माझा हातखंडा होता. ठेकेदार पाठीमागं मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. निवृत्त झाल्यावर हा स्वभाव घरी आला. भाजीवाल्याची गवार, सोसायटीच्या टाकीचं झाकण, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा स्टँड, सगळं माझ्या नजरेखालून जायला लागलं. बायको होती तोवर ती म्हणायची, "आता पुरे, साहेब." ती गेली, आणि घरात मला पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही.

मुलाचं नगरातच, आमच्या सावेडीत, खेळण्यांचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एका कारखानदारानं फोमच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांची नवी मालिका काढली, आणि दिवाळीला माल बाजारात आणायच्या आधी काही दुकानदारांकडं नमुने पाठवून मत मागवलं. एका खोक्यात पाच बंदुका, आणि सोबत एक छापील कागद. मुलांना आवडते का, हाताळायला सोपी आहे का, सुरक्षित वाटते का, वगैरे.

मुलगा म्हणाला, "बाबा, सोसायटीतल्या पोरांना दोन दिवस खेळायला देऊ आणि त्यांना काय आवडतं ते लिहून टाकू."

मला राग आला. "ही काय तपासणी झाली? दे इकडं ते खोकं."

त्याच संध्याकाळी मी एक लांब वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. पहिला मॉडेलचा, दुसरा अंतराचा, तिसरा नेमाचा, चौथा 'अडकते का', आणि पाचवा 'लागते का'. गच्चीवर खडूनं रेघा मारल्या, तीन फुटांवर, सहा फुटांवर, दहा फुटांवर. बंदुकांना क्रमांक दिले. पहिली हाताच्या पंजाएवढी. दुसरी फिरत्या चक्रीची. तिसरी पुढचा दांडा मागं ओढून भरायची. चौथी बॅटरीवरची, घोडा दाबून धरला की सटासट गोळ्या. पाचवी लांब नळीची, खांद्याला लावून मारायची, आणि तिची स्प्रिंग एवढी कडक की लहान पोराला ती ओढताच येत नव्हती. गोळ्या सगळ्यांच्या फोमच्याच, बोटाएवढ्या, टोकाला रबराची टोपी. मला कितीतरी वर्षांनी बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मी शीळ घालत होतो.

ऊन उतरलं की पोरं गच्चीवर जमायची. पुठ्ठ्याच्या खोक्यावर नेम धरायचा, कोणी कोणावर मारायची नाही, हा माझा नियम. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पहिल्याच दिवशी बाल्कनीतून ओरडून विचारत होत्या, "काका, पोरांना काही होणार नाही ना?" मी म्हणालो, "मी आहे ना इथं." पोरांनी भरपूर मतं दिली आणि माझे चार रकाने भराभर भरले. पाचवा रिकामा राहिला. पोरं या बंदुका काही पुठ्ठ्यावर मारायला विकत घेणार नाहीत, एकमेकांवरच मारणार, एवढं मला कळत होतं. त्यामुळं माणसाला लागते का हे बघणं भाग होतं. पण बघायचं कोणावर? सोसायटीतल्या एखाद्या पोराच्या अंगावर वळ उठला असता तर त्याची आई चार लोकांत माझी शोभा करायला कमी करणार नव्हती. मुलगा दिवसभर दुकानात. मग राहिली सून. ती घरचीच आहे, असं मी मनाशी म्हणालो आणि तिला हाक मारली.

स्वतःवर का नाही, असं कोणी विचारेल. मला तो प्रश्न पडलाच नाही. तपासणाऱ्यानं स्वतः नमुना व्हायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

सुनेच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. ती अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरात एक गाव आहे तिथली. वडील भातशेती करतात. ती बी.ए. झालेली, अक्षर सुरेख, बोलणं बेताचं. त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणं मला मामा म्हणते. आमच्याकडं आल्यावर तिनं बोलणं शहरी करून घेतलं होतं. माहेरचा फोन आला की मात्र आतलं दार लोटून घ्यायची आणि तिचं 'व्हय, न्हाई' सुरू व्हायचं. घरात दुसरं बाईमाणूस नाही, सासू नाही, नणंद पुण्याला. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "सून कसली, लेकच आहे माझी."

पहिल्या दिवशी गंमत वाटली, हे खरं आहे. तिलाही वाटली असावी. मी तिला माझ्या नोकरीतला जुना संरक्षक चष्मा दिला. तो तिच्या नाकावरून घसरत होता आणि ती हसत होती. डोळे सांभाळले म्हणजे सगळं सांभाळलं, अशी माझी समजूत. बांगड्या मागं सारून, हात पुढं करून ती खडूच्या रेघेवर उभी राहिली. दहा फुटांवरून पहिली बंदूक झाडली.

"लागलं?"

"नाही, मामा."

सहा फुटांवरून. "नाही, मामा." तीन फुटांवरून. "नाही, मामा." मग दुसरी बंदूक, मग तिसरी. प्रत्येक अंतरावरून पाच-पाच वेळा. स्प्रिंग वापरानं ढिली पडते का तेही बघायचं होतं, म्हणून हे रोज करायचं ठरलं. दुपारची भांडी आवरली की ती आपणहून गच्चीवर यायची. मला ते तिचं सहकार्य वाटायचं. मी मुलाला जेवताना म्हणालोसुद्धा, "तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोला कामाची शिस्त आहे." तो ताटाकडं बघत जेवत राहिला.

आठ-नऊ दिवसांनी माझी मुलगी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली. गच्चीवर हे काय चाललंय म्हणून बघायला आली आणि म्हणाली, "थांबा, मी उभी राहते." मी लांब नळीची बंदूक तीन फुटांवरून झाडली. गोळी तिच्या मनगटाच्या वर बसली.

"आई गं! बाबा, केवढ्यानं लागलं! डोकं फिरलंय का तुमचं?" तिनं चष्मा काढून माझ्या हातात कोंबला आणि हात चोळत उभी राहिली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "वहिनी, तुम्ही कशा काय उभ्या राहता हो?"

सून नुसती हसली.

मी वहीत काय लिहिलं ते आजही वाचता येतं. 'हात हलल्यामुळे नोंद रद्द.' आणि मुलीला म्हणालो, "तू लहानपणापासूनच नाजूक." एकाच बंदुकीनं, एकाच अंतरावरून, एक बाई किंचाळते आणि दुसरी काही म्हणत नाही. ताडपत्रीच्या दोन नमुन्यांत एवढा फरक आला असता तर मी सगळा गठ्ठा परत पाठवला असता. इथं मी जो निकाल सोयीचा नव्हता तो खोडला. तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

त्या सुमारास सून घरात लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायला लागली. मे महिना, नगरचं ऊन, पंखा गरम हवा फेकतोय, आणि ही मनगटापर्यंत झाकलेली. माझ्या लक्षात आलं होतं. न यायला काय झालं, माझं आयुष्य दोष शोधण्यात गेलेलं. मी मनाशी म्हणालो, स्कूटरवरच्या पोरी उन्हाचे हातमोजे घालतात, तसंच काहीतरी असेल. ती तर स्कूटरवर बसतही नव्हती.

आणि मग एका सकाळी तिचे वडील आले. गावची यात्रा होती, तिचं आमंत्रण द्यायला. पहाटेची एसटी धरून, सोबत करवंदांची पाटी आणि तांदळाची पिशवी घेऊन. सून कणीक मळत होती. वडिलांचा आवाज ऐकून ती तशीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि बाह्या वर होत्या.

ते तांब्या घेता घेता थांबले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तिचं मनगट हातात धरलं. कोपरापासून मनगटापर्यंत गोल गोल डाग होते, काही लाल, काही निळे, काही पिवळे पडत चाललेले. मी ते त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बघितले. रोज दुपारी तोच हात माझ्यासमोर असायचा, पण मी नेम बघत होतो, हात नाही.

"ह्ये काय गं?"

"काय न्हाई, दादा." वडिलांना ती दादा म्हणते. "भांडी घासताना लागलं."

"येवढं?"

तिनं हात सोडवून घेतला आणि बाही खाली ओढली. ते माझ्याकडं बघायला लागले. बंदुका कपाटावर होत्या. वही माझ्यासमोर टीपॉयवर होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पाव्हणं, हे माझ्यामुळं झालंय. त्याला कितीसा वेळ लागला असता? पण शेतात राबणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुमच्या पोरीला उभी करून मी तिच्यावर खेळण्यातल्या बंदुका मारतोय? ऐकायलाच ते इतकं खुळचट वाटत होतं की मला ते तोंडातून काढवेना. मी वही वर्तमानपत्राखाली सरकवली आणि विचारलं, "एसटीला गर्दी होती का?"

ते म्हणाले, "पोरीला घिऊन जातो आठ दिस. यात्रा हाय." परवानगी मागत नव्हते, सांगत होते. सुनेनं मुलाला दुकानात फोन केला, पिशवी भरली, पोळ्या करून झाकून ठेवल्या. ती खाली रिक्षाकडं गेल्यावर ते दारात थांबले.

"पाव्हणं, पोरगी साधी हाय. तिचं काय चुकलंमाकलं तर मला फोन करा. मी यिऊन समजावीन तिला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हात उचलू नका म्हनावं."

त्यांचा संशय माझ्या मुलावर होता. दुसरं काय वाटणार त्यांना? ज्या मुलानं आयुष्यात मुंगी मारली नसेल त्याच्यावर बायकोला मारत असल्याचा आळ आला होता, आणि तो दूर करायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तसं काही नाही हो." माझी मान आपोआप खाली गेली, आणि ती बघून त्यांची खात्रीच झाली असणार.

आठ दिवस झाले, बारा झाले. यात्रा होऊन गेली. सुनेला फोन केला की तिचे वडील उचलायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या अजून थोडे दिस." मुलगा मला विचारायला लागला, "बाबा, त्या दिवशी काही झालं का? ते माझ्याशी धड बोलत नाहीत." मी म्हणायचो, शेतीची कामं असतील. तो दुकानातून लवकर यायला लागला, आणि घरी आला की टीव्ही न लावता नुसता बसायचा. पोळ्या आम्ही खाली कोपऱ्यावरून आणायचो. त्याच्यासमोर बसून घास गिळताना मला स्वतःचा इतका राग यायचा की त्याच्यावरच खेकसायचो.

शेवटी एका दुपारी मी लांब नळीची बंदूक घेऊन एकटाच गच्चीवर गेलो. ती कठड्याला दोरीनं बांधली, घोड्याला सुतळी लावली आणि तीन फुटांच्या रेघेवर हात पुढं करून उभा राहिलो. दुसऱ्या हातानं सुतळी ओढली. गोळी बसली आणि माझा हात आपसूक मागं आला. परत भरली. परत ओढली. तिसरी गोळी नेमकी पहिलीच्या जागी बसली आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पाचव्या गोळीनंतर मला सुतळी ओढवेना. ही एक बंदूक, एक दिवस, पाच गोळ्या.

मी तिथंच तापलेल्या फरशीवर बसलो. लाज मला तिचे वडील दारात बोलले तेव्हाही वाटली होती, पण ती पकडलो गेल्याची होती. आता मला माझी किळस आली. हात हलला तर नोंद रद्द, असं मी पोटच्या मुलीला लावलं होतं. सुनेचा हात कधी हललाच नाही. तो हलू नये म्हणून ती काय करत असेल, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

रात्री जेवताना मुलाला सगळं सांगितलं. सुनेचे वडील दारात काय म्हणाले तेही. मला वाटलं तो ताट फेकून उठेल. तो म्हणाला, "हातांचं मला माहीत होतं, बाबा. मी तिला म्हणत होतो, तू सांग त्यांना. ती म्हणायची, तुम्ही सांगा. दोघांनाही नाही जमलं." माझ्याच घरात दोन मोठी माणसं, बाबांना पुरे कोणी म्हणायचं म्हणून एकमेकांची तोंडं बघत होती. मला वाटायचं, घरात माझा धाक नाही, आदर आहे.

तो बरोबर यायला निघाला होता, पण मी एकटाच गेलो. संगमनेरला गाडी बदलली, मग अकोले, मग राजूर, तिथून जीप. बंदूक कापडी पिशवीत होती आणि तिची निळी-केशरी नळी बाहेर डोकावत होती. एसटीचा कंडक्टर हसून म्हणाला, "नातवाला का, बाबा?" मी हो म्हणालो. खरं बोलायला निघालेला माणूस वाटेतही खोटं बोलला.

सुनेचे वडील नुकतेच शेतातून आले होते. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजून घेतात, तिकडं त्याला राब म्हणतात. ते काम उरकून आल्यानं त्यांचे हात काळे होते. बसा म्हणाले, पण तोंड घट्ट. सून आतून पाणी घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि दारातच उभी राहिली. मी पिशवीतून बंदूक काढून त्यांच्यासमोर ठेवली. येताना सबंध वाट भाषण जुळवत होतो, ते सगळं विसरलो.

"तिच्या हातावरचे डाग याचे होते. मी केले. तुमच्या जावयानं तिला बोटही लावलेलं नाही."

त्यांनी ती उचलली आणि फिरवून बघितली. "ह्यानं?"

"हो."

"खेळन्यानं?"

"हो."

"आन् का?"

"तपासत होतो."

"काय तपासत हुता?"

"लागतं का ते."

त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. चेहरा जरा सैल झाला होता, जावयाच्या बाजूनं मनावरचं ओझं उतरलं असणार. पण डोळे तसेच होते. मग सावकाश म्हणाले, "मंग? लागतंय का?"

अख्ख्या नोकरीत कोणा साहेबानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी तिथंही सुटायची वाट शोधली. म्हणालो, "मी रोज विचारत होतो तिला. ती नाही म्हणायची."

ते मान वळवून लेकीकडं बघायला लागले. "इचारलं हुतं का गं ह्यांनी?"

"इचारलं हुतं," ती म्हणाली. ती माझ्यासमोर पहिल्यांदाच माहेरचं बोलत होती. "पन ते आदी लिहायचे. मंग इचारायचे."

मी भडकलो. हो, तिथं, तिच्या बापाच्या ओट्यावर, माफी मागायला गेलेला मी भडकलो. "असं कसं? नोंद आधी आणि तपासणी मागून, हे मी जन्मात केलेलं नाही! या कारणावरून मी लोकांचे अहवाल फाडलेत!" पिशवीत वही होती. ती काढून मी त्यांच्या हातात दिली. "बघा तुम्हीच. सगळं तारीखवार आहे."

त्यांनी काळे हात धोतराला पुसले आणि वही उघडली, ती शेवटच्या लिहिलेल्या पानावर. बोट ठेवून तारीख वाचली. "ह्यो तर मी आल्तो तो दिस," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. दिवसाचं पान मी सकाळी चहा झाला की आखून ठेवायचो. तारीख होती, पाचही मॉडेल लिहिलेली होती. नेमाचा रकाना कोरा. 'अडकते का' कोरा. आणि पाचव्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, पाच वेळा लिहिलं होतं : नाही, नाही, नाही, नाही, नाही.

त्या दिवशी एकही गोळी सुटली नव्हती. सकाळीच ती वडिलांबरोबर निघून गेली होती.

त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मी सुनेसमोर हात जोडले तर ती घाबरून पुढं झाली, "मामा, असं नका करू, मला नाही काही वाटलं." आणि हे ती परत शहरी बोलली. म्हणजे तिथंही मला सांभाळायचं काम तिच्यावरच आलं. मी तिला म्हणालो, "वही ठेव. पाचवा रकाना तू भर. घाई नाही." तिनं तो भरला आणि घरी परत येताना वही सोबत आणली. पहिल्या बंदुकीपुढं 'लागत नाही', दुसरीपुढं 'जवळून लागते', उरलेल्या तिन्हींपुढं 'लागते'. लांब नळीच्या बंदुकीपुढं तिनं आणखी एक ओळ लिहिली होती, 'रात्री कुशीवर झोपता येत नाही.' मी कारखानदाराला तिचंच पान पाठवलं, एक अक्षर न बदलता.

जूनच्या सुरुवातीला मुलगा जाऊन तिला घेऊन आला. सासऱ्यांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं. घरी सगळं पूर्ववत आहे. ती हसते, बोलते, मुलाशी वादही घालते, आणि माझ्या चहात साखर जास्त नको म्हणून मला दटावते. पण मी काही विचारलं, नुसतं 'जेवलीस का' विचारलं, तरी उत्तर द्यायच्या आधी ती माझ्या हाताकडं बघते, हातात पेन आहे का ते.